नगराचे आरोग्य आणि कुक्करहळ्ळी तलाव

नगराच्या स्वच्छतेची परीक्षा राजरस्त्यांवरून करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. परंतु पावसाचे पाणी व घरांतील सांडपाणी कोठे जाते, ही त्याहून खरी कसोटी होय. या दृष्टीने म्हैसूरचे उदाहरण बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीने मोठी शहरे हादरली. त्यानंतर मुंबईत १८९८ साली व म्हैसूरमध्ये १९०३ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळे स्थापन झाली. रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा ही त्या काळी शोभेची बाब नव्हती. तो आरोग्यरक्षणाचा उपाय होता. पुढे २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूरने देशात पहिला क्रमांक मिळविला, तो त्याच परंपरेस साजेसा होता.

तथापि, या कीर्तीची एक बाजू दुबळी आहे. तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांच्या कारकीर्दीत, १८६४ साली, कुक्करहळ्ळी तलाव बांधण्यात आला. दिवाण पूर्णय्यांच्या नावाने ओळखला जाणारा कालवा त्यात पावसाचे पाणी आणीत असे. वस्ती वाढली, तसा हा कालवा जागोजागी बुजला. तलावात सांडपाणीही शिरू लागले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ पोसते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. मग त्या माशांवर जगणारे झोळीवाले आणि चित्रबलाक तेथे कशाच्या आधारावर राहणार?

व्हिएन्ना नगराने १८७३ साली दूरच्या पर्वतांतील झऱ्यांचे पाणी आणले आणि १९०५ साली सभोवतालचा वनांचा व कुरणांचा पट्टा राखण्याचे ठरविले. पाण्याचे रक्षण उगमापासूनच करावे लागते, हे तत्त्व म्हैसूरलाही तितकेच लागू आहे.

तलावाकाठी फिरण्याची वाट बांधली की काम दिसते आणि प्रशंसाही होते. कालवा मोकळा करण्याचे काम मात्र कष्टाचे व अप्रिय असते, कारण त्याच्या मार्गावर आज लोकांची घरे आहेत. त्यांना बेघर करणे न्याय्य नव्हे. तेथे पाण्यासाठी बंदिस्त पर्यायी मार्ग काढावा. पण जो भाग अद्याप मोकळा आहे, तो नगराच्या नकाशावर निश्चित करून त्यावर नवे बांधकाम होऊ देऊ नये. सांडपाण्याच्या नळांची जोडणी पूर्ण झाल्याखेरीज नव्या वसाहतीस मंजुरी नसावी. तलावाच्या पाण्याची परीक्षा दरमहा व्हावी आणि तिचे निष्कर्ष काठावरच फलकावर लावावेत.

कालवा तोडून तलाव राखता येत नाही. आपली कीर्ती टिकवायची असेल, तर नगराने आपली दृष्टी फुलझाडांवरून थोडी खाली, गटारांकडे व कालव्यांकडे वळविली पाहिजे.