नाणं घेण्याआधी त्याचा पत्ता विचारा

जुन्या नाण्यांचा शौक असलेली माणसं आपल्याकडे गावोगाव भेटतात. कुणाकडे शिवराई, कुणाकडे निजामाचे रुपये, कुणाकडे राणीछाप. माझा शौक जरा लांबचा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीकांनी वसवलेल्या शहरांची चांदीची नाणी मला ओढून घेतात. त्यातलं एकही नाणं माझ्याकडे नाही. संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रं, वजनं आणि नोंदी मी वहीत उतरवून ठेवतो. एका शिक्षकाला एवढा संग्रह पुरतो.

पण ज्यांना प्रत्यक्ष नाणं हवं असतं, त्यांच्यासाठी माझं एक ठाम म्हणणं आहे. ते कोणत्या उत्खननातून किंवा कोणत्या जुन्या, नोंद असलेल्या संग्रहातून आलं हे विकणारा कागदावर दाखवू शकत नसेल, तर ते घेऊ नये. कितीही सुंदर असलं तरी.

आणि ती सुंदर आहेतच. सुबारिस (इंग्रजीतून आपल्याकडे सिबारिस म्हणून आलेलं), क्रोटोन, मेटापोन्टम ही शहरं इ.स.पू. सहाव्या शतकात अशी नाणी पाडत होती, जी ग्रीकांच्या इतर मुलखांत सहसा दिसत नाहीत. पातळ, रुंद चकती, वजन आठ ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला चित्र उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा तेच चित्र आत खोल गेलेलं. मेटापोन्टमचं जवाचं कणीस, क्रोटोनची तिपाई, सुबारिसचा मान वळवून मागे पाहणारा बैल. तारास, म्हणजे आजचं तारांतो, डॉल्फिनवर बसलेल्या तरुणासाठी प्रसिद्ध आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी अक्षरांवर जाते. सुबारिसच्या बैलाखाली दोन अक्षरं असतात. इंग्रजी वाचणाऱ्याला ती 'व्ही' आणि 'एम' वाटतात. पण ती उर्दूसारखी उजवीकडून वाचायची. 'एम'सारखं दिसणारं अक्षर 'स' आहे, 'व्ही'सारखं दिसणारं 'उ'. वाचन झालं 'सु', म्हणजे सुबारिस. क्रोटोनच्या नाण्यावरचं पहिलं अक्षर म्हणजे गोल आणि त्याखाली दांडी. त्याचं नाव कोप्पा. ते फिनिशियन लिपीतून ग्रीकांकडे आलं. आपला क़ाफ त्याच अक्षराच्या दुसऱ्या शाखेचा वंशज. पुढे ग्रीकांनी लिहिताना कोप्पा सोडला. आपण मात्र अजून वर्गात मुलांना क़ाफ आणि काफ़ यांतला फरक घोटून घोटून सांगतो.

एवढं तर एकटं नाणंही सांगतं, मग पत्ता कशाला हवा? कारण कधी, कुणी, कुठवर या प्रश्नांची उत्तरं सहसा एकट्या नाण्याकडे नसतात. इ.स.पू. ५१० मध्ये क्रोटोनने सुबारिस उद्ध्वस्त केलं. म्हणजे बैलाची ती पातळ नाणी त्याआधीची. आता एखाद्या मडक्यात अशा नाण्यांच्या सोबत दुसऱ्या शहरांची नाणी निघाली, तर कोणती जास्त झिजलेली, कोणती कोरी, यावरून त्या शहरांचाही कालक्रम लावता येतो. ही गवाही अख्ख्या मडक्याची असते. मडकं फोडून नाणी दहा गिऱ्हाइकांना विकली की चांदी शिल्लक राहते, साक्षीदार मरतो.

१९११ साली तारांतोमध्ये सुमारे ६०० प्राचीन नाणी आणि काही किलो कच्ची चांदी एकत्र सापडली. त्या काळच्या व्यापाराचा तो एक अख्खा दप्तरखाना होता. तो विक्रीतून पांगला, आणि अभ्यासकांना हाती लागतील त्या तुकड्यांवरून त्याची जुळवणी करावी लागली.

याच्या शेजारी आपल्या नाशिकजवळचं जोगळटेंभी ठेवून बघा. तिथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. ती मोजली गेली, तपासली गेली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला दिसला. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावावर करून चालवला, हे त्या आकड्यांनी सिद्ध झालं. गंमत अशी की नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत, डावीकडून वाचायची ब्राह्मीही आहे आणि उजवीकडून वाचायची खरोष्ठीही. हीच नाणी मोजण्याआधी सराफाच्या मुशीत गेली असती, तर तो पुरावाही त्यांच्यासोबत वितळला असता.

संग्राहक म्हणतात, आम्ही नसतो तर ही नाणी कधीच वितळली असती. यात तथ्य आहे. फ्रान्सच्या ल्यूइन घराण्यातल्या ड्यूकने आपला मोठा संग्रह १८६२ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकला. आर्थर इव्हान्स यांनी १८८९ मध्ये तारासच्या घोडेस्वार नाण्यांवर लिहिलेला अभ्यास आजही ओलांडून जाता येत नाही. पण या माणसांनी नाणी अमानत समजून सांभाळली आणि नोंदी मागे ठेवल्या. रात्री धातुशोधक यंत्र घेऊन शेतं उकरणारा आणि त्याचा माल डोळे मिटून घेणारा, यांना त्या रांगेत बसवता येणार नाही. चोर खणतो, कारण गिऱ्हाईक तयार असतं.

कायदाही याच बाजूने आहे. इटलीत जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू सरकारची असते. अमेरिकेने इटलीशी केलेल्या करारात २०११ पासून अशा प्राचीन नाण्यांचाही समावेश आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय ती तिथे आणता येत नाहीत. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सोप्या शब्दांत सांगतो. पाया खणताना किंवा नांगराला लागून नाणी वर आली, तर चिंच आणि राखेने घासायची नाहीत, आपसांत वाटायची नाहीत, सराफाकडे न्यायची नाहीत. ज्या भांड्यात सापडली त्यातच राहू द्यायची, जागेचा फोटो काढायचा आणि तहसील कचेरीत कळवायचं. आणि नाण्यांचा शौक करायचा असेल, तर पहिला खर्च वहीवर करायचा.