चाकरी आणि मान

दरबारी चित्रकार म्हटला की एक मोठा भाग्यवान माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. राजाची मर्जी, बांधलेला तनखा, आणि काम काय, तर चित्रे काढायची! पण स्पेनच्या दिएगो व्हेलास्केझची हकीकत ऐकली, म्हणजे या भाग्याचा हेवा करावा की नाही, असा प्रश्न पडतो.

हा गृहस्थ १५९९ साली सेव्हिल शहरी जन्मला. त्याचा गुरू फ्रान्सिस्को पाचेको शिष्यावर इतका खूष, की १६१८ साली त्याने आपली मुलगीच त्याला दिली. पाच वर्षांनी जावईबापू माद्रिदला राजा चौथ्या फिलिपचे दरबारी चित्रकार झाले. वय अवघे चोवीस!

पुढची सदतीस वर्षे धनी एकच. राजाची ती लांबट, पुढे आलेली हनुवटी व्हेलास्केझने पुन्हा पुन्हा रंगवली. तिच्यावर कधी पांघरूण घातले नाही. दरबारात करमणुकीसाठी ठेवलेली खुजी माणसेही त्याने रंगवली. त्यांतला सेबास्तियान दे मोर्रा जमिनीवर पाय पसरून, मुठी वळून बसला आहे आणि असा रोखून पाहतो आहे, की हसायला आलेला माणूस ओशाळून जावा. राजा असो की विदूषक, या चित्रकाराचे माप एकच.

पण चाकरी ती चाकरी! १६५२ साली त्याला वाड्याचा मोठा कारभारी नेमले. मान मोठा खरा; पण राजाच्या प्रवासातल्या मुक्कामाची सोय, सामानसुमान, झाडलोट, सरपणसुद्धा त्याच्याच गळ्यात. आयुष्यभराची चित्रे जेमतेम शंभर-सव्वाशे उरली, यात नवल ते काय?

त्याच्या मनात सल होता तो निराळाच. स्पेनमध्ये चित्रकार म्हणजे हातावर पोट असलेला कारागीर. त्याला हवी होती 'सांतियागो' या मानाच्या पंथाची सरदारकी. त्यासाठी चौकशी झाली. साक्षीदारांनी सांगितले की, या माणसाने दुकान कधी मांडले नाही नि पैशासाठी चित्र विकले नाही! तरीही अडले ते अडलेच. शेवटी पोपची खास सवलत आणून राजाने १६५९ साली त्याला तो मान दिला.

'लास मेनिनास' हे त्याचे सर्वांत गाजलेले चित्र १६५६ चे. मधे पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता, भोवती तिच्या सख्या, खुजी माणसे, कुत्रा. राजाराणी मागच्या आरशात, अंधुक. आणि भल्या थोरल्या कॅनव्हाससमोर हातात कुंचला घेऊन ताठ उभा आहे खुद्द चित्रकार! त्याच्या छातीवरचा पंथाचा लाल क्रूस मात्र नंतर रंगवलेला आहे.

मानासाठी असा झुरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एक गुलाम होता. हुआन दे पारेहा त्याचे नाव. १६५० साली रोममध्ये व्हेलास्केझने त्याचे चित्र काढले, आणि ते तिथल्या पँथिऑनमध्ये मांडले तेव्हा लोक थक्क झाले. मान उंच, नजर स्थिर. हा कुणाचा बांधील आहे हे चित्र पाहून कुणी ओळखू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरात धन्याने त्याच्या मुक्ततेचा कागद केला. पण अट घातली आणखी चार वर्षांच्या चाकरीची. ज्या माणसाला त्याने रंगांत बरोबरीने उभे केले, त्याला कागदावर तसे करताना त्याचा हात आखडला.

१६६० साली राजकन्या मारिया तेरेसाच्या लग्नानिमित्त राजाच्या प्रवासाची व्यवस्था पाहून तो परतला, आणि ऑगस्टमध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी पारेहाने संत मॅथ्यूवर एक मोठे चित्र काढले. त्यात डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे. हातात कागद, कागदावर आपले नाव.

दोन्ही चित्रे आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. 'लास मेनिनास' पाहायला जग जाते. जाणाऱ्याने थोडा वेळ काढून दुसरेही पाहावे. आपल्या चित्रात ताठ उभे राहण्याचा धडा चाकराने धन्याकडूनच घेतला असेल. पण त्याची किंमत त्याला कितीतरी अधिक पडली होती.