पाहुणा अभ्यासक, घरचा दुभाषी

मालेगावच्या यंत्रमागांचं अर्थकारण अभ्यासायला पाहुणे संशोधक येतात. फेलोशिप त्यांची, दुभाषेगिरी आमची. सुताचा भाव, विजेचं बिल, मजुराची उचल, सगळं मी उर्दूतून मराठीत सांगतो. अहवाल मात्र इंग्रजीत निघतो; कारखान्यात तो परत येत नाही.

‘इथल्या मुलांना फेलोशिप का नाही?’ विचारलं, तर उत्तर मिळतं, ‘पीएच.डी. हवी.’ आणि त्यासाठी आधार असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. एकाने शिडी काढायची, दुसऱ्याने ‘वर का आला नाहीत?’ म्हणून विचारायचं!

पाहुण्यांना माझा विरोध नाही. पण प्रत्येकासोबत एक स्थानिक अभ्यासक मानधनावर घ्या. आणि निष्कर्ष आधी इथे, उर्दू-मराठीत वाचून दाखवा. चुकलं असेल तर मजूरच सांगेल.