प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती दिली काय?

कुळाचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घ्यावा आणि मागाहून त्यावर वाटेल ते लिहावे, या सावकारी रीतीविरुद्ध लढण्यात आपल्या चळवळीच्या पिढ्या खर्ची पडल्या. परंतु ज्यांचा अंगठा घेण्याचीही कोणास गरज वाटत नाही, अशी माणसे समाजात आहेत. बौद्धिक अपंग, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, पक्षाघाताने वाचा गेलेले कामकरी ही ती माणसे. त्यांच्यावर होणारे संशोधन हा वैद्यांचा घरगुती मामला आहे, असे आपल्यातील पुष्कळ साथी मानतात. हा समज दूर करायचा तर प्रथम आपल्याच घरात डोकवावे लागेल.

ज्या स्वीडनचे गोडवे आपण वर्षानुवर्षे गायिले, त्या देशात सोशल डेमोक्रॅट सत्तेवर असताना लुंड शहरातील व्हिपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंग प्रौढांवर दातांच्या किडीचे प्रयोग झाले. काम १९४५ साली सुरू झाले. पुढे दातांना चिकटून राहील अशी टॉफी मुद्दाम बनवून ती या माणसांना चारण्यात आली. सरकारबरोबर मिठाईच्या कारखानदारांनीही हात सैल सोडला होता. (साखरेचा पैसा कोठे कोठे पाझरतो, हे महाराष्ट्रातील वाचकास सांगावयास नको.) ४३६ जणांवरील निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दातांना किती चिकटली हे अधिक महत्त्वाचे, हे ज्ञान जगाला मिळाले. स्वीडनच्या मुलांना शनिवारीच मिठाई देण्याची चाल पडली. किंमत मोजली ती व्हिपेहोल्मच्या किडलेल्या दातांनी. स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे, असे न्यूरेंबर्गच्या निकालपत्राने १९४७ साली बजावले. तेव्हा हे प्रयोग चालूच होते.

आणि टॉफीला प्रतिकार कोण करील?

हा प्रश्न थट्टेचा नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील ९९ वे कलम सांगते की, जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही परंतु ‘प्रतिकार करीत नाही’, तिच्यावरील संशोधनास राज्य प्राधिकरण परवानगी देऊ शकते. अटी आहेत, हे मान्य केले पाहिजे : असे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करता येण्याजोगे नसावे, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीची संमती घ्यावी, इत्यादी. तरीही ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा जुना दंडक मागल्या दाराने आत येण्याची भीती उरतेच. वर्षानुवर्षे संस्थेच्या चार भिंतींत राहिलेला माणूस प्रतिकार करावयाचे केव्हाच विसरलेला असतो.

मग अशा माणसांना संशोधनातून वगळावे, असे काही सज्जन सुचवितात. ही दया नव्हे, सोय आहे. पक्षाघाताच्या अनेक अभ्यासांतून वाचाघात झालेल्यांना सरसकट गाळले जाते. कारण त्यांच्याशी बोलण्यास वेळ लागतो. औषध बोलणाऱ्यांवर पारखावयाचे आणि न बोलणाऱ्यांना द्यावयाचे! वस्तुतः वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे. छोटी वाक्ये, चित्रे, ‘हो’-‘नाही’ची पाटी, परिचित माणसाची सोबत, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणे, एवढ्याने पुष्कळांचे मन कळू शकते. आणि मान फिरवली, हात मागे घेतला, तर तो नकार समजून थांबले पाहिजे.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने (सरकारने ‘दिव्यांग’ हे गोंडस नाव दिले म्हणून हक्क वाढत नाहीत) हेच सांगितले आहे. त्या व्यक्तीला आकळेल अशा मार्गाने संमती घ्या आणि संशोधन समितीची पूर्वपरवानगी घ्या. या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः अपंग किंवा अपंगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावेत, असे सहावे कलम म्हणते. ही तरतूद कागदावरच राहू नये, हे पाहणे आपले काम आहे. आपल्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन साथींनी दोन गोष्टी विचाराव्यात : परवानगी देताना त्या निम्म्या सदस्यांतील किती जण बैठकीस हजर होते, आणि न बोलणाऱ्या माणसास समजावून सांगण्यासाठी अंदाजपत्रकात किती तास व किती रुपये धरले आहेत?