थंडी तीन थरांची!

मागच्या डिसेंबरात पहाटे चंदगडहून पारगडला बाईकवरून निघाले. स्टाइल मारायची म्हणून कॉटन टी-शर्टवर एकच जाडजूड जॅकेट. गडाच्या पायऱ्या चढताना घाम फुटला आणि माथ्यावरच्या वाऱ्यात दात कडाकडा वाजायला लागले!

घरी आल्यावर आजीनं वाकळ अंगावर टाकली. म्हणाली, "जुन्या लुगड्यांचे थर हायत ह्यात. एका जाड कापडानं थंडी जात न्हाई, बाई."

फंडा तोच, दोस्तांनो! ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. आत अंगाबरोबरचा थर्मल घाला. कॉटन नको, ते घाम धरून ठेवतं. मध्ये लोकरीचा स्वेटर. लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. वर वारा अडवणारं पातळ जाकीट. वरचे दोन थर सुटसुटीत हवेत, नाहीतर हवेला जागाच उरत नाही. रंग दोन साधे, एक भडक. ऑफिसात पोचलात की एकेक उतरवा.

माझा मधला थर? आजीनं विणलेला मरून स्वेटर. कॉलेजात बॅगेत लपवायचे. आता तिची बोटं सुईवर चालत नाहीत, दुसरा मिळणार नाही. म्हणून हल्ली ऑफिसात जाकीट जरा लवकरच काढते!