परिचारिकांची परदेशवाट कोण अडवते?

जगाला परिचारिका हव्या आहेत, असे आपण रोज ऐकतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण-तरुणींना तिकडे पाठविण्याची घोषणा केली. त्या कामांच्या यादीत परिचारिका आहेत. अशा घोषणेने धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत आशा निर्माण होणे साहजिक आहे. उमरगा-लोहाऱ्यापासून भूम-परंड्यापर्यंत, पोटाला चिमटा घेऊन मुलीला जीएनएम करणारे शेतमजूर आणि ऊसतोड कामगार आई-बाप आपल्या समाजात कमी नाहीत. परंतु तीन वर्षे शिकलेली, परीक्षा पास झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात असलेली ही मुलगी विमानातून उतरल्याबरोबर तिथे परिचारिका ठरत नाही. मग ती कोण ठरते?

जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथे परवान्यासाठी जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. त्यानंतर तिथले अधिकारी आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि काय कमी पडते ते लेखी कळवितात. ती उणीव भरून काढण्यासाठी एक तर पुन्हा प्रशिक्षण घ्यायचे, नाही तर ज्ञानचाचणी द्यायची. तोपर्यंत मदतनीस म्हणून काम करायचे आणि पगारही मदतनीसाचाच घ्यायचा. इंग्लंडमध्ये इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष कामाची ओएससीई ही परीक्षा. या एका परीक्षेची फीच आठशे पौंडांच्या घरात जाते. आखाती देशांत कागदपत्रांची मूळ ठिकाणी पडताळणी होते, बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकची परीक्षा असते आणि दोन-दोन वर्षांच्या अनुभवाचे दाखले मागितले जातात.

रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेल्या कामात परीक्षा असू नये, असे कोणीही म्हणणार नाही. आमचा आक्षेप परीक्षेला नाही. परीक्षेचा सगळा खर्च आणि सगळा धोका एकट्या मुलीच्या डोक्यावर टाकण्याला आहे.

यातून काय घडते ते फिलिपिन्सच्या परिचारिकांनी भोगले आहे. जगाला परिचारिका पुरविणारा देश म्हणून फिलिपिन्सचे नाव आहे. तिथे पदवीनंतर सरकारी परवाना परीक्षा द्यावी लागते. अशा परवानाधारक, अनुभवी परिचारिका दोन देशांच्या आर्थिक भागीदारी कराराखाली २००९ पासून जपानला गेल्या. इंडोनेशियाच्या परिचारिका त्यांच्याआधीच पोचल्या होत्या. जपानची राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेत. २०१० साली या दोन्ही देशांच्या मिळून २५४ जणी-जण परीक्षेला बसले आणि पास झाले फक्त ३! बाकीच्यांना इंजेक्शन देता येत नव्हते काय? त्यांना येत नव्हती ती जपानी लिपी. पुढे ओरड झाल्यावर जपानला प्रश्नपत्रिकेतील अवघड अक्षरांवर उच्चाराच्या खुणा द्याव्या लागल्या, वेळही वाढवून द्यावा लागला. म्हणजे नियम हे काही ब्रह्मवाक्य नसते. मागे सरकार उभे राहिले तर ते वाकविता येतात. फिलिपिन्सने तर २०२१ साली कायदा करून स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातेच उभे केले.

आता आपल्याकडे पाहा. तालुक्याच्या गावातील एखादे खासगी हॉस्पिटल मुलीला बारा-बारा तास राबविते, पगार रोख हातावर टेकविते, हजेरीपटावर मात्र तिचे नाव नसते. दोन वर्षांनी ती अनुभवाचा दाखला मागते, तेव्हा डॉक्टर कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून देतात. परदेशातून पडताळणीचे पत्र आले की त्याला उत्तर कोणी देत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नानंतर पासपोर्टवर तिसरे! शहरातील सुखवस्तू मुलीच्या घरी हे कागद निस्तरणारा वडीलधारा असतो. आपल्या मुलीच्या घरात तीच पहिली शिकलेली असते. तिने कोणाला विचारायचे?

मग ती एजंटला विचारते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. प्रत्यक्षात काय चालते? कुवेतच्या भरतीत केरळातील एका एजन्सीने १९,५०० रुपयांऐवजी प्रत्येकी साडेएकोणीस लाखांच्या आसपास रक्कम उकळल्याचा आरोप सीबीआयने २०१५ साली ठेवला. त्याच वर्षी केंद्राने आखातासह १८ देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केला. त्यासाठी सुरुवातीला ज्या दोन संस्था नेमल्या, त्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक, दोन्ही केरळ सरकारच्या. महाराष्ट्राची एकही नव्हती.

केरळच्या मुली जगभर दिसतात, त्यामागे हे सरकारी बळ आहे. नोर्काने २०२१ साली जर्मनीच्या रोजगार खात्याशी करार केला आणि पुढे स्वतःची परदेशी भाषांची संस्था काढली. तिथे दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना फी माफ आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

काही जण म्हणतील, आपल्याच जिल्ह्यात परिचारिका कमी असताना त्यांना बाहेर कशाला पाठवायचे? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आहे, हे खरे. पण ज्यांना मुलींनी गावातच राहावे असे वाटते, त्यांनी आधी कंत्राटी पद्धत बंद करून कायम पदे भरावीत. सेवेचा उपदेश फक्त गरिबाच्या लेकीलाच का?

१९४१ साली बाबासाहेब याच भागातील कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतनाचे काम जन्माने गळ्यात पडत होते. परिचारिकेचा परवाना शिकून मिळतो. म्हणूनच आपल्यासाठी तो नोकरीच्या कागदापेक्षा मोठा आहे आणि म्हणूनच तो वाया जाता कामा नये.

तेव्हा चळवळीने पुढील मागण्या लावून धराव्यात. जर्मनीच्या करारात कोणत्या जिल्ह्यातून किती उमेदवार निवडले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, भाषेची परीक्षा किती जण पास झाले आणि परवाना किती जणांना मिळाला, हे आकडे सरकारने जिल्हावार जाहीर करावेत. परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणाला व पीएच.डी.ला मिळते, तशीच मदत परवाना परीक्षेची फी आणि भाषेचे शिक्षण यांसाठी मिळावी. बार्टीने निवासी भाषावर्ग चालवावेत, महात्मा फुले महामंडळाने अल्प व्याजाने कर्ज द्यावे. उणीव भरून काढण्याच्या काळात मुलीला पगार किती आणि नापास झाल्यास तिचे पुढे काय, हे करारातच लिहिलेले असावे.

हे होईपर्यंत आपल्या मुलींनी मूळ कागद कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. कामावर लागताच नेमणूकपत्र मागून घ्यावे. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एक भाग बाजूला काढून एका तरी मुलीच्या परीक्षेची फी भरावी. व्याख्यानाइतकेच तेही चळवळीचे काम आहे.