सिबिल सुधारायला दलाल कशाला?

कर्जाचा अर्ज नामंजूर झाला की बँकेतून बहुतेकदा एकच कारण कळते, 'तुमचे सिबिल खराब आहे.' पतअहवालातली कोणती नोंद आड आली, हे अर्जदार विचारत नाही आणि बँक आपणहून सांगत नाही. मग थोड्या दिवसांत स्कोअर वाढवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या दलालाला पैसे मोजले जातात. हे पैसे वाया जातात, कारण स्कोअर सुधारण्याचे मार्ग दोनच आहेत. देणे वेळेवर फेडणे हा पहिला आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घेणे हा दुसरा. पहिला मार्ग दलाल आपल्या वतीने चालू शकत नाही आणि दुसरा कायद्याने आपल्याला फुकट दिलेला आहे.

भारतात २००५च्या कायद्याखाली चार कंपन्या पतमाहिती ठेवतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. ३०० ते ९०० मधला स्कोअर, ज्याला लोक सरसकट 'सिबिल' म्हणतात, त्या काढतात तो बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांनी पाठवलेल्या माहितीवरून. हप्ते कधी भरले, क्रेडिट कार्डाची मर्यादा कितपत वापरली, थोड्या काळात किती ठिकाणी कर्ज मागितले, हे त्यातून दिसते. कार्डाची 'किमान रक्कम' भरली तर थकबाकीचा शिक्का टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढते आणि मर्यादेचा वापर जास्तच दिसत राहतो. तडजोड करून कमी पैशांत खाते मिटवले, तर कर्जदाराच्या लेखी विषय संपतो. अहवालात मात्र 'सेटल्ड' हा शेरा राहतो आणि पुढची बँक तो पाहून बिचकते. नातेवाइकाला जामीन राहिलेल्या माणसालाही त्याच्या थकलेल्या हप्त्यांचा फटका बसू शकतो.

म्हणूनच शेतकरी सातबारा तपासतो तसा आपला पतअहवाल वर्षातून एकदा तरी तपासायला हवा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल किंवा दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढले असेल, तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती अहवालात उतरायलाही पूर्वीइतका वेळ लागू नये.

यावर रास्त आक्षेप असा की, हप्ता थकतो तो नेहमी बेफिकिरीने नव्हे. पीक बुडते, नोकरी जाते, घरात आजारपण येते आणि आकड्याला यातले काहीच दिसत नाही. हे खरे आहे. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये बँकांना बजावले, ते याचसाठी. रिझर्व्ह बँकेनेही कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि पूर्वी कधी कर्ज घेतले नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नये, अशी तिची भूमिका आहे. पण खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, दलालालाही नाही. अडचण दिसू लागताच, हप्ता थकण्याआधी, बँकेकडे कर्जाची फेरबांधणी मागणे आणि नंतरचे हप्ते नियमित भरत राहणे, हाच तिच्यावरचा उपाय आहे. त्याला महिने लागतात, कधी वर्षेही. झटपट मार्ग नाही, हे आधीच कळले तर निदान फसवणूक तरी टळेल.

सगळा भार ग्राहकावर टाकूनही चालणार नाही. ज्या पतअहवालावरून निर्णय घेतला त्याची प्रत मागण्याचा हक्क कायद्याच्या २१व्या कलमाने अर्जदाराला दिला आहे. हा हक्क शाखेतल्या फलकावर मराठीत लिहिलेला असावा आणि नकार देताना आड आलेली नोंद बँकेने आपणहून दाखवावी. तोवर 'सिबिल खराब आहे' हे उत्तर ऐकून कोणीही परत फिरू नये. त्याच खिडकीवर अहवालाची प्रत मागावी.